दादाच्या नावाचे दहा गुण

अप्पांना जाऊन सतरा दिवस झाले, तरी 'विजय केशकर्तनालया'च्या दारावरचा लाल-निळ्या पट्ट्यांचा खांब फिरतच होता. इनसुकने आतली बाहेरची सगळी बटणं दाबून पाहिली. दिवे गेले, पंखा थांबला, रेडिओची खरखर बंद झाली. खांब आपला फिरतोय.

"अगं, तो नाही बंद व्हायचा," शेजारच्या टपरीतून मालसुन मावशी ओरडली. "तुझ्या बापाने थेट रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून तार ओढलीय. वीजवाल्यांनी तीनदा दम दिला. म्हणाला, पोरं लांबून येतात, दुकान बंद दिसलं तर कुठं शोधतील?"

सोमवार होता. सोमवारी सक्तीच्या सैन्यभरतीची पोरं येतात. दक्षिण कोरियातल्या नोनसानच्या या रस्त्याच्या टोकाला सैन्याच्या प्रशिक्षण केंद्राचं फाटक आहे, आणि दुपारी दोनच्या आत फाटकातून आत गेलं पाहिजे. त्यामुळे सकाळपासून रस्त्यावर एकच गर्दी. आईबाप, आत्या-काका, एखादी रडवेली मैत्रीण, आणि मधे तो एक पोरगा, ज्याला भूक नसते आणि ज्याच्या ताटात सगळे मांस वाढत असतात. मालसुन मावशी त्यांना बुटात घालायचे मऊ तळवे विकायची, घड्याळं विकायची, फोडांवर लावायच्या पट्ट्या विकायची. "घे रे राजा, सरकारचा बूट सासूसारखा असतो, पहिलं वर्ष चावतोच," असं म्हणत चाळीस वर्षं विकत आली होती. आणि ज्याचं डोकं अजून भादरलेलं नसेल, त्याला ती बोटाने शेजारचं दुकान दाखवायची.

आज तिने बोट दाखवलं नाही. तरी दोघेतिघे खांब पाहून आलेच. इनसुकने दार अर्धं उघडून सांगितलं, "दुकान बंद आहे. पुढे पोस्टाच्या गल्लीत एक आहे." पोरं "बरं" म्हणून गेली. एकाच्या आईने मात्र आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "म्हातारे कुठे गेले? माझ्या थोरल्याचे केस त्यांनीच काढले होते."

"वारले," इनसुक म्हणाली.

बाईने तिथेच दारात कमरेत वाकून नमस्कार केला आणि मुलाच्या मागे पळाली.

इनसुक आत येऊन पुन्हा खोकं भरायला बसली. कात्र्या, दोन वस्तरे, चार मशीनं, पांढरी कापडं, साबणाची वाटी. मानेवरचे केस झटकायचा ब्रश हातात आला तेव्हा ती थांबली. लाकडी मूठ, बोटं पडत त्या जागी झिजून खोलगट झालेली. तो तिने खोक्यात न टाकता पर्समध्ये ठेवला. तिला दुपारी एकच्या सुमारास शहीद कुटुंबांच्या कार्यालयात जायचं होतं. अप्पांना मुलामागे मिळणारं मासिक वेतन बंद करायचं, मृत्यूचा दाखला द्यायचा, सही करायची. एवढंच काम. तिथून पुढे देजॉनला, दादाच्या कबरीवर. अप्पा गेल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

*

अप्पा, म्हणजे तक ब्योंगदो, स्वतः कधी सैन्यात गेले नव्हते. लहानपणीच्या तापात डावा पाय आखडला तो आखडलाच. तपासणीच्या डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला आणि घरी पाठवलं. बरोबरची पोरं गेली, तीन-तीन वर्षांनी परत आली, आणि पोस्टातल्या कारकुनीच्या परीक्षेत सैन्यातून आल्याचे वरचे गुण मिळवून ब्योंगदोंच्या पुढे निघून गेली. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. "ती तिकडं बर्फात उभी होती," ते म्हणायचे, "मी घरी आईच्या हातचं जेवत होतो. पाच गुण म्हणजे काही फार झाले नाहीत." मग त्यांनी वस्तरा हातात घेतला आणि बरोबर त्या फाटकासमोर दुकान टाकलं. ज्या दारातून त्यांना परत पाठवलं, त्या दारातून आत जाणाऱ्या हजारो पोरांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली.

आपल्या पोराचंही त्यांनीच भादरलं. इनसुकला तो दिवस स्पष्ट आठवतो, कारण केर काढायला तीच होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तिघंच. दादा, ग्युहान, खुर्चीत बसला आणि आरशातून बापाकडे बघत म्हणाला, "अप्पा, कान तेवढे राहू द्या हं. हुकूम ऐकायला लागतील."

"तुझे कान असून नसून सारखेच," अप्पा म्हणाले. "माझं तरी कधी ऐकलंस?"

"तुमचं ऐकायला इनसुक आहे ना."

"मी कशाला ऐकू?" केर ओढत इनसुक म्हणाली. "मी तर गुण चोरणाऱ्यांच्या घरची नोकर."

हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. इनसुक तेव्हा शहराच्या कार्यालयातल्या नोकरीची परीक्षा देण्याच्या तयारीत होती, आणि सैन्यातून येणाऱ्याला शंभरात पाच गुण वरून मिळणार, हे गणित तिला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. ग्युहानने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "परत आलो की परीक्षाच देत नाही, जा. माझे पाच तू घे."

"देता येतात का असे?"

"बघू की विचारून."

अप्पांनी ब्रशने त्याच्या मानेवरचे केस झटकले. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, मग मधोमध. सगळ्यांना करायचे तसंच. फक्त कापड काढताना त्यांना गाठ सापडेना.

तीन आठवड्यांनी खोकं आलं. पोराने जाताना घातलेले कपडे सरकार घरी पाठवतं. निळी जीन, पट्ट्यांचा शर्ट, बूट, आणि 'मी मजेत आहे, जेवण भरपूर आहे' असं कुणीतरी समोर उभं राहून लिहून घेतल्यासारखं पत्र. या रस्त्यावरच्या सगळ्या आया त्या खोक्यापाशी रडतात. अप्पांनी कपडे धुतले, इस्त्री केली आणि परत खोक्यात ठेवले, आल्यावर लागतील म्हणून.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत डोंगरातल्या रस्त्यावर रसद नेणारी गाडी बर्फावरून घसरली. मागे चौघे बसले होते. तिघे वाचले.

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात इनसुक परीक्षेला बसलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बसली आणि नापास झाली. नापास कसली, जवळजवळ एका गुणाने राहिली. भिंतीवर लावलेल्या यादीसमोर तिच्याच अभ्यासिकेतला एक मुलगा उड्या मारत होता. त्याचे तिच्याहून तीन गुण कमी होते. वरचे पाच मिळाले, तो पुढे गेला. चांगला मुलगा होता, त्याने तिला मांसाचे वाफवलेले पाव खाऊ घातले आणि ओशाळून म्हणाला, "ताई, मी काय करू? मी काही मागितले नव्हते."

"माहितीय रे," ती म्हणाली. पण घरी येऊन ती अप्पांवर फुटली. भादरायला बसलेल्या गिऱ्हाइकासमोर.

"आम्ही काय मुद्दाम बाई म्हणून जन्माला आलो? मला ने म्हणावं सैन्यात, मी जाते! नेत नाहीत आणि वर गुण कापतात. आणि तुम्ही? तुम्हाला तरी कुठं नेलं? तुमचंही कापलंच ना त्यांनी!"

अप्पांनी मशीन थांबवलं. "गिऱ्हाईक आहे, पोरी."

"असू दे. त्यालाही कळू दे परत आल्यावर त्याला काय मिळणार ते."

खुर्चीतला पोरगा अर्ध्या भादरलेल्या डोक्याने आरशात दोघांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, मला ते पाच नकोत. तुम्ही माझ्याऐवजी आज दोन वाजता जाता का?"

मालसुन मावशी दारात येऊन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अप्पाही हसले. इनसुकला हसू आलं नाही, पण त्या पोराचा प्रश्न ती विसरली नाही.

त्याच डिसेंबरात मोठ्या न्यायालयाचा निकाल आला. वरचे पाच गुण बंद. बायकांवर आणि अपंगांवर अन्याय होतो, असं न्यायाधीशांनी म्हटलं. त्या आठवड्यात दुकानात दुसरा विषय नव्हता. परत आलेली माणसं खुर्चीत बसून शिव्या घालत होती. अडीच वर्षं गेली ती गेली, बोटं बर्फाने गेली, आता गुणही गेले. एक जण म्हणाला, "पुढच्या युद्धाला बायकांनाच पाठवा." अप्पा कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. टीव्हीवर 'अपंग' हा शब्द आला तेव्हा त्यांनी फेसाने माखलेला हात लांब करून टीव्ही बंद केला. "मान खाली," गिऱ्हाइकाला म्हणाले.

मालसुन मावशीने मात्र मत दिलं. मालसुन म्हणजे शेवटची. चार मुलींनंतर पाचवी झाली तेव्हा आता पुरे म्हणून ठेवलेलं नाव. "आमच्या आईबापाने तर बारशालाच पोरग्यांना गुण देऊन टाकले होते," ती म्हणाली. "न्यायालय आमच्या घरी उशिरा पोचलं."

*

गाडीचा अपघात हा कर्तव्यावरचा मृत्यू की नुसताच अपघात, हे ठरायला दोन वर्षं लागली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. दोन हजार साली वसंतात निकाल आला: कर्तव्यावरचा. ग्युहानला देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा मिळाली, अप्पांना महिन्याचं वेतन, आणि एक पातळ पुस्तिका, ज्यात कुटुंबाला काय काय सवलती ते छापलेलं होतं. अप्पांनी ती दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचली आणि इनसुकला हाक मारली.

"हे बघ. अविवाहित मुलगा गेला तर एका धाकट्या भावंडाला. आईबापांनी नाव द्यायचं. सरकारी परीक्षेत शंभरात दहा."

इनसुकने वाचलं. पुस्तिका मिटली.

"मी नाही घेणार."

"का?"

"का काय? वर्षभर मी काय बोलतेय ते ऐकलंत ना? पाचांसाठी ओरडले मी. आता दहा घेऊ?"

"ती पोरं परत आली, त्याचे पाच होते," अप्पा म्हणाले. "हा परत आला नाही."

"म्हणूनच नको."

"त्यानेच म्हटलं होतं, माझे तू घे. इथं बसून म्हटलं होतं. याच खुर्चीत."

"अप्पा, तो थट्टा करत होता. तो परत येणार होता."

अप्पा बराच वेळ वस्तऱ्याचं पातं पट्ट्यावर घासत राहिले. "आपण दिलेलं कुणी घेतलंच नाही तर," शेवटी म्हणाले, "देणाऱ्याला काय वाटत असेल?"

"आणि ज्या मुलीचा दादा मेला नाही, ती माझ्यामुळे एका गुणाने राहिली तर तिला काय वाटेल?"

त्या वर्षीच्या परीक्षेच्या अर्जावर त्या सवलतीचा एक रकाना होता, आणि त्याच्याशेजारी प्रमाणपत्र चिकटवायची जागा. इनसुकने बाकी सगळं भरलं आणि तो रकाना रिकामा सोडला. अर्ज देजॉनला प्रत्यक्ष नेऊन द्यायचा होता, शेवटची तारीख सोमवार, आणि रविवारपासून ती तापाने फणफणलेली. अप्पा म्हणाले, "मी जातो." दुकान बंद करून गेले. सोमवारी, भरतीच्या दिवशी, दुकान बंद. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. निघताना त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात दोन लिफाफे ठेवलेले इनसुकने अंथरुणातून पाहिले. एकात अर्ज होता. दुसऱ्याबद्दल तिने विचारलं नाही. ताप होता, डोळे मिटले.

ती पास झाली. गुण छापत नसत, फक्त क्रमांक. शरदातल्या सणाला दोघं ग्युहानच्या कबरीवर गेले. सारखे दगड, सारख्या रांगा, अप्पा लंगडत पुढे. त्यांनी खिशातून दुकानातला ब्रश काढून दगडावरची धूळ झटकली, डावीकडून, उजवीकडून, मधोमध. दारू ओतली. आणि म्हणाले,

"ग्युहान, बहिणीला खुर्ची मिळाली रे. तुझं दिलेलं वाया गेलं नाही. तुझ्याच दहा गुणांवर बसली ती."

इनसुक दोन पावलं मागे उभी होती. तिने ऐकलं. परतीच्या बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही, आणि अप्पांना वाटलं, दादाच्या आठवणीने गप्प आहे.

*

एकोणीस वर्षं ती देजॉनच्या त्या कार्यालयात होती. त्यातली आठ भरती विभागात. जुन्या अर्जांच्या कपाटाची किल्ली तिच्याच टेबलात असायची. तिचा स्वतःचा अर्ज असलेला दोन हजार सालचा गठ्ठा खालून दुसऱ्या फळीवर होता, पाठीला निळी दोरी. तिने तो कधी सोडला नाही.

अप्पांना विचारणं तर त्याहून सोपं होतं. एक वाक्य. पण विचारलं आणि ते "हो" म्हणाले, तर? तर तिला उठून जावं लागलं असतं. तेवढा ताठ कणा आपल्यात आहे की नाही, याची परीक्षा तिला द्यायची नव्हती. नोकरी तिला आवडत होती. न विचारणं सोयीचं होतं, आणि त्या सोयीचा राग तिने अप्पांवर काढला. भांडली नाही. सणाला यायची, औषधं आणायची, दुकानात मात्र बसायची नाही. फोनवर अप्पा विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो, जेवले. तुम्ही?" "मीही." झालं. एवढ्यावर एकोणीस वर्षं निघाली.

तिच्या हाताखाली सोन दोंगउक नावाचा एक जण होता. कामाला चोख, बोलायला फटकळ. जेवणानंतर मिक्स कॉफीचा कप हातात घेऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बायकांना सगळं ताटात वाढून मिळतं. आम्ही दोन वर्षं फावड्याने बर्फ उपसला, आम्हाला काय? आभार!" नियम असा होता की एका भरतीत बायका किंवा पुरुष शंभरात तिसाच्या खाली आले, तर त्या बाजूचे थोडे जास्तीचे घ्यायचे. बायकांसाठी म्हणून आला होता तो नियम. पण दोंगउकच्या वर्षी बायकाच इतक्या पास झाल्या की पुरुष कमी पडले, आणि जास्तीचे दोन पुरुष घेतले. त्यातला दुसरा सोन दोंगउक. यादी इनसुकने स्वतः टाइप केली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तिनेही कधी सांगितलं नाही. एकदा बोलता बोलता तो तिला म्हणाला, "मॅडम, तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या दादांनी तुमच्याही वाटचं केलं." त्या यादीचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने गिळलं.

"कॉफी गार होतेय तुमची," ती म्हणाली.

खुर्चीखाली काय आहे हे कळल्यावर माणूस कसा बसतो, ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला तसं बसवायची तिची इच्छा नव्हती.

*

शहीद कुटुंबांच्या कार्यालयात तिचा क्रमांक लवकर आला. खिडकीमागे चष्मा घातलेली एक तरुण मुलगी होती. तिने दाखले घेतले, दोन्ही हातांनी, मान झुकवून.

"वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. वेतन या महिन्यापासून बंद होईल. बाकी काही सवलत चालू आहे का बघते हं." ती पडद्यावर वाचत गेली. "दवाखाना, बंद करते. प्रवास, बंद... नोकरीची सवलत. भावंड म्हणून नाव तक इनसुक. म्हणजे तुम्हीच ना?"

"हो," इनसुक म्हणाली.

"ही वापरलेलीच नाहीये."

"काय?"

"प्रमाणपत्र मे दोन हजारला दिलंय. ते कुठे लावलं की त्या कार्यालयाकडून आम्हाला नोंद येते. इथे नोंद नाही. उलट..." तिने मागच्या कपाटातून एक फाईल आणली आणि पानं उलटली. "उलट पुढच्याच महिन्यात परत जमा केलंय. हे बघा."

पिवळट पडलेला छापील कागद होता. खाली सहीच्या जागी अप्पांच्या नावाचा लाल शिक्का, थोडा तिरका. अप्पा शिक्का नेहमी तिरका मारायचे. वर 'परत करण्याचे कारण' असा रकाना, आणि त्यात त्यांचं मोठं, शाळकरी अक्षर:

मुलगी नको म्हणते.

इनसुकने ते दोनदा वाचलं. तीनच शब्द होते, तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.

मुलीला वाटलं, बाईंना काही अडचण आहे. ती अपराधी स्वरात म्हणाली, "माफ करा मॅडम, पण आता मुदत गेली त्याची. वयाचीही अट आहे. आता घ्यायचं म्हटलं तरी नाही मिळणार."

"नको," इनसुक म्हणाली. "मला नको आहे ते." आणि तिच्या लक्षात आलं, एकोणीस वर्षांपूर्वीही तिने हेच म्हटलं होतं.

*

ती देजॉनच्या बसला न बसता परत दुकानापाशी आली. दोन वाजून गेले होते. रस्ता ओस पडला होता. पोरं आत गेली की असंच होतं. दहा मिनिटांत गाड्या निघून जातात, रस्त्यावर कागदी कप राहतात. मालसुन मावशी उरलेले तळवे जोड्या लावून पिशवीत भरत होती.

"गेली नाहीस?"

"मावशी, मी परीक्षा दिली त्या वर्षी अप्पा अर्ज द्यायला देजॉनला गेले होते. सोमवारी. आठवतं?"

"आठवणार नाही? मीच होते बरोबर. मला बाजारातून माल आणायचा होता, म्हटलं लंगड्याला सोबत." मावशीने जोडी खाली ठेवली. "का गं?"

"त्यांनी तो कागद चिकटवला नाही."

"नाहीच चिकटवला. बसथांब्याशी शेवयांच्या दुकानात बसलो होतो. समोर दोन्ही पाकिटं. गोंदाची बाटलीसुद्धा घेऊन आला होता घरून. बूच काढलं, लावलं, काढलं, लावलं. शेवया फुगून भांड्याबाहेर यायला लागल्या. मी म्हटलं, अहो, लावा नाहीतर जेवा. मग म्हणाला, पोरगी बरोबर बोलतेय. पोस्टाच्या वेळी मीही एका गुणाने राहिलो होतो. मी कुणाला बोललो नाही, ती बोलली. आणि बूच लावून टाकलं."

इनसुकने मावशीच्या हातातली तळव्यांची पिशवी बाजूला ठेवली.

"मग दादाच्या कबरीवर तसं का म्हणाले? मी ऐकलं मावशी. तुझ्याच गुणांवर बसली म्हणाले. मी ऐकलं म्हणून तर मी..."

मावशी तिच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर समजल्याची छाया उतरली.

"अगं बाई," ती म्हणाली. "म्हणून तू दुकानात बसत नव्हतीस होय?"

इनसुकने मान हलवली.

"मला दरवर्षी विचारायचा. म्हणायचा, मालसुन, पोरगी उभ्या उभ्या जाते. माझ्या अंगाला साबणाचा वास येतो का गं? मी म्हणायचे, येतो. मग दोनदा अंघोळ करायचा सणाला." मावशीने डोळे पुसले, पण आवाज कोरडाच ठेवला. "वेडे, ते खोटं तो तुला नव्हता सांगत. पोराला सांगत होता. बावीस वर्षांचा पोरगा बर्फात गेला, कुणाच्या काही कामी आला नाही, हे बापाने कोणत्या तोंडाने सांगायचं कबरीवर? तुझं ऐकलं, आणि त्याचं मन राखलं. दोन पोरं होती ना त्याला."

खांब फिरत होता. लाल पट्टी वर जात होती, निळी वर जात होती, दोन्ही कुठेच पोचत नव्हत्या.

"विचारायचं होतंस गं एकदा," मावशी म्हणाली.

"हो," इनसुक म्हणाली.

*

देजॉनला ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका रांगेत कुणीतरी नुकतीच ठेवलेली शेवंती, बाकी सगळीकडे कापडी फुलं. तिला आता रांग मोजावी लागत नव्हती.

बसमध्ये तिने ठरवलं होतं, खरं सांगायचं. दादाला खोट्यावर ठेवणं बरं नाही. तुझे दहा गुण मी घेतले नाहीत, अप्पांनी ते लावलेच नाहीत, माझ्या स्वतःच्या गुणांवर मी बसले, आणि हे मला आज कळलं. वाक्यं तिने नीट जुळवली होती. आयुष्यभर जे खरं वाटलं ते ती तोंडावर बोलली होती, कबरीवर ऐकलेलं एक ते सोडून.

तिने पर्समधून ब्रश काढला. दगडावर डावीकडून फिरवला, उजवीकडून फिरवला, मग मधोमध, अप्पा करायचे तसा. ब्रशच्या केसांत अजून पावडरीचा वास होता. कुणातरी पोराचे बारीक काळे केस त्यातून गळून दगडावर पडले. ते तिने बोटाने टिपून घेतले.

दारू ओतली. दोनदा वाकली. उठायला वेळ लागला.

"दादा," ती म्हणाली, "अप्पा गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. दुकान बंद केलंय, पण खांब चालू आहे."

शेजारच्या रांगेत एक म्हातारी बाई दगडाशी काहीतरी बोलत होती, घरातल्यासारखं, मधेच रागावून. इनसुकने ती गप्प होईपर्यंत वाट पाहिली.

"आणि मी बढतीवर गेले गेल्या वर्षी. सांगायचं राहिलं होतं." तिने ब्रशची मूठ दोन्ही हातांत धरली. अप्पांची बोटं जिथे बसायची त्या खोलगट जागेत तिची बोटं बसत नव्हती, लहान पडत होती. "तुझ्याच दहा गुणांवर चाललंय सगळं. अप्पा सांगायचे ना, ते खरंय."